बाजाराची फी माझ्या अर्जाने समान झाली, त्याची नोंद

दि. २ मार्च, सकाळी ७

लिहून ठेवतो की, मी, पावतीकाका या नावाने ओळखला जाणारा इसम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण (वर्गात प्रथम, वर्गात मुले नऊ), विधुर, डावा गुडघा वगळता प्रकृती ठणठणीत. व्यवसाय: शेअर कागदावर छापले जात त्या काळी एका ब्रोकरच्या पेढीत सर्टिफिकेटे पोचवणे. एकतीस वर्षे. एकही कागद हरवला नाही, एकही पावती सहीवाचून सोडली नाही. नाव त्यावरूनच पडले. काही जण ते हसत उच्चारतात. तो आदराचाच एक प्रकार आहे.

सध्या चिरंजीवांच्या ऑफिसात बसतो. ऑफिस म्हणजे आमच्या भाड्याच्या घराची तळमजल्यावरील पुढची खोली: तीन स्क्रीन, एक बाक, एक पंखा. चिरंजीव एका मोठ्या ब्रोकरच्या हाताखालचे लहान ब्रोकर आहेत. मी बाकावरून गिऱ्हाइकांना मार्गदर्शन करतो. वर जाऊन पडा, असे चिरंजीवांनी मला या आठवड्यात दोनदा सुचवले. माझ्या विश्रांतीची त्यांना फार काळजी.

दि. ४ मार्च

वर्तमानपत्रात महत्त्वाची बातमी. चष्मा पुसून दोनदा वाचली. शेअर बाजार प्रत्येक सौद्यावर ब्रोकरकडून फी घेतो. ज्याची उलाढाल मोठी त्याला दर कमी, लहानाला जास्त. मोठा ब्रोकर गिऱ्हाइकाकडून मात्र सरसकट चढाच दर घेतो आणि मधला फरक स्वतःजवळ ठेवतो. नियामक कार्यालय हे बदलू पाहत असून जनतेच्या सूचना २० मार्चपर्यंत मागवल्या आहेत.

जनता म्हणजे कोण, याचा विचार केला. या गल्लीत तरी मीच.

संकल्प: अर्ज लिहिणे. फी सर्वांना समान असावी, एवढेच मागणे, परंतु भारदस्त.

दि. ९ मार्च

मसुदा तिसरा. नेमका शेवटच्या पानावर शाईचा थेंब. डाग पडलेला कागद वरिष्ठांच्या टेबलावर जाऊ देणारा मी नव्हे. पुन्हा पहिल्यापासून.

दि. १७ मार्च

मसुदा सहावा. पाने अकरा; त्यांपैकी चार माझ्या सेवेविषयी. सूनबाई म्हणाल्या की बाबा, मेल करा ना, दोन मिनिटांचं काम, मी टाइप करून देते. त्यांना समजावले की मेलमध्ये अक्षर दिसत नाही आणि माणूस अक्षरावरून ओळखला जातो. त्या म्हणाल्या की बरं, ओळखू देत मग. सून समंजस आहे.

दि. २१ मार्च

मुदत काल संपली. घाबरण्याचे कारण नाही. मुदत ही उतावळ्या लोकांसाठी असते. नीटनेटक्या अर्जासाठी कार्यालये थांबतात, असे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. कोठे, ते आत्ता आठवत नाही.

दि. २४ मार्च, दुपारी ४

आज जेवताना चिरंजीवांस अर्ज वाचून दाखवला. पाचव्या पानावर त्यांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले की बाबा, तो मधला फरक आहे ना, त्यातलाच वाटा मोठा ब्रोकर आपल्याला देतो. दलाली आपण शून्य ठेवलीय, म्हणून तर माणसं येतात. हे ऑफिस, हे ताट, तुमच्या गुडघ्याचं मलम, सगळं त्या फरकावर चालतंय. तुम्ही लेखी कळवताय की आमच्या तोंडचा घास काढून घ्या.

मी शांतपणे म्हटले की तत्त्व ते तत्त्व. ते म्हणाले की तत्त्व असू दे, पण हे पाठवू नका, एवढं ऐका माझं. त्यांचा चेहरा पाहून मी जवळजवळ मान्य केले होते. तेवढ्यात ते सूनबाईंकडे वळून म्हणाले की जाऊ दे गं, पाठवलं तरी काय, यांचं पत्र कोण वाचत बसणारे.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी टपाल कचेरीत होतो. रजिस्टर केले. घरी येऊन तसे सांगितले. चिरंजीवांनी मला कोपरापासून हात जोडले. प्रभावित झाले असावेत.

दि. ३० एप्रिल

उत्तर नाही. अकरा पाने आहेत. वाचण्यास अवधी लागणारच.

दि. १२ जून

कार्य सिद्धीस गेले. सर्क्युलर निघाले. एक जुलैपासून बाजाराची फी सर्व ब्रोकरांना एकसमान. आणि ब्रोकरने बाजाराला भरावयाची तेवढीच गिऱ्हाइकाकडून घ्यायची, पैसाही अधिक नाही. हा माझ्या सातव्या पानाचा आशय. मी केवळ ‘समान’ लिहिले होते, त्यांनी ‘एकसमान’ केले. दुरुस्ती मान्य.

ऑफिसच्या दारावर सुवाच्य अक्षरात फलक लावला: बाजाराची फी समान झाली. अर्जदार आत बसतात.

रोज येणारे गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर, फलक वाचून म्हणाले की काका, तुम्ही तर वरची खुर्ची हलवलीत. चिरंजीवांनी फलक काढला. त्यांना अक्षर लहान वाटले असावे. दुपारी मोठ्या अक्षरात दुसरा लावला.

दि. २० जून

संगणकावर बसणाऱ्या बाईंना चिरंजीवांनी सांगितले की उद्यापासून येऊ नका. सहा वर्षांची नोकरी. बाईंनी खणातून आपला कप, कंगवा आणि चपलांचा जुना जोड काढून पिशवीत भरला. जाताना बाकापाशी थांबल्या. म्हणाल्या की काका, माझी नोकरी तुमच्या हाती सुपूर्द केली, तेवढी पावती द्या. मी कागद शोधू लागलो, तोवर त्या रस्ता ओलांडून गेल्या.

वाईट वाटले. परंतु सुधारणा म्हटली की काही व्यक्तींची गैरसोय होते.

दि. १४ जुलै

मधला फरक बंद झाल्याने चिरंजीवांनी सौद्यामागे थोडी दलाली लावली. मास्तर उठलेच. म्हणाले की मोबाइलवर फुकटात होतंय, मग इथं पंख्याखाली बसून पैसे कशाला देऊ. दारातून वळून चिरंजीवांना म्हणाले की एवढा कर्तबगार बाप असल्यावर तुला दुसरा वैरी शोधायला नको, तेवढा वेळ वाचला बघ तुझा.

मास्तरांचा स्वभाव विनोदी. बाक आता पूर्ण मोकळा असतो. पाय पसरून बसता येते, गुडघ्यास आराम.

दि. ५ ऑगस्ट

चहा हल्ली जिन्याच्या पायरीवर ठेवला जातो. मला चढउतार घडावी हा सूनबाईंचा हेतू. उतरेपर्यंत गार होतो. गार चहा पित्तास बरा.

चिरंजीव तेवीस दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आज बोलले. म्हणाले की बाबा, केलंत ते केलंत, निदान दुकानादुकानांतून सांगत फिरू नका. काल न्हाव्यानं माझ्या मानेवर वस्तरा धरून विचारलं, वडिलांनीच बुडवलं म्हणे तुम्हाला.

संकल्प: दुकानांत सांगणार नाही.

दि. ६ ऑगस्ट

न्हाव्याने स्वतः होऊन विषय काढला. विचारल्यास उत्तर देणे भाग आहे. औषधवाल्याने विचारले नव्हते. परंतु विचारणार होता.

दि. ८ सप्टेंबर

तिन्ही स्क्रीन विकले. भिंतीवर त्यांच्या जागी तीन पांढरे चौकोन उरले आहेत. चिरंजीवांना दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली: एका ब्रोकरकडे फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणे. मिळकत पूर्वीच्या निम्मी. महिनाअखेरीस दोघे जाणार. मी येथेच, वरच्या खोलीत. जेवणाचा डबा लावून दिला आहे. माझी स्वतंत्र वृत्ती त्यांनी ओळखली.

भिंतीपलीकडून सूनबाई म्हणत होत्या की न्यायला मी नाही म्हणत नाही, पण तिथंही हे शेजाऱ्यांना अभिमानानं सांगणार आम्हाला कसं बुडवलं ते, आणि मी रोज समोर ताट वाढायचं. नाही व्हायचं माझ्याच्यानं. चिरंजीव म्हणाले की माझ्याच्यानंही नाही.

सर्व स्पष्ट ऐकू आले. कान उत्तम आहेत.

दि. २९ सप्टेंबर, सायंकाळी ६

नियामक कार्यालयाचे पत्र आले. लिफाफ्यावर माझे नाव टाइप केलेले. खोक्यांमध्ये उभ्या असलेल्या सूनबाईंना म्हटले की मोठ्याने वाचा, चिरंजीवांनाही ऐकू द्या.

दोनच ओळी होत्या. आपले पत्र मुदतीनंतर प्राप्त झाल्याने उघडण्यात आलेल्या सूचनांमध्ये त्याचा समावेश नव्हता व ते विचारात घेण्यात आलेले नाही. आपल्या आस्थेबद्दल आभार.

चिरंजीवांनी पत्र घेऊन पुन्हा वाचले. मग हसले. तीन महिन्यांत प्रथमच, आणि बराच वेळ. शेवटी डोळे पुसू लागले. म्हणाले की अहो बाबा, उघडलंच नाही त्यांनी. तुम्ही काहीच केलं नाहीत. हे होणारच होतं, तुम्ही नसतात तरी झालं असतं. सूनबाई खोक्यावर बसल्या. म्हणाल्या की अगं बाई, आणि आम्ही काय काय बोललो यांना. लगेच उठून चहा केला आणि माझ्या हातात आणून दिला. गरम होता.

चिरंजीव माझ्याजवळ बाकावर बसले. म्हणाले की उद्या आमच्याबरोबर चला. ट्रकमध्ये पुढे जागा आहे. तिथं दोन खोल्या आहेत, एक तुमची. फक्त एकदा म्हणा, की मी नव्हतो, माझा काही संबंध नव्हता. हसत म्हणा, रडत म्हणा, कसंही. म्हणजे विषय संपला.

मी चहा संपवला. नंतर त्यांना समजावून सांगितले की असे पत्र कार्यालये अर्जदाराच्या सुरक्षिततेसाठी पाठवतात. एवढ्या मोठ्या बदलामागे कोण आहे, हे ती उघडपणे कबूल करणार नाहीत. सातवे पान आणि सर्क्युलर शेजारी ठेवून पाहावे.

चिरंजीव म्हणाले की म्हणजे तुम्हीच आम्हाला बुडवलं असावं, अशी तुमची इच्छा आहे. मी म्हटले की इच्छेचा प्रश्न नाही, वस्तुस्थितीचा आहे.

ते उठले. सूनबाईंनी कप उचलला आणि विसळून, पुसून खोक्यात भरला.

दि. ३० सप्टेंबर, सकाळी १०

ट्रक आठ वाजता आला. सामान साडेनऊपर्यंत चढले. बाक येथेच राहिला.

निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष खालील मजकूर मी स्वहस्ते, एकाही डागाविना लिहून पुढे ठेवला: बाजाराची फी समान होण्यास, तसेच त्यामुळे चिरंजीवांचे ऑफिस बंद होण्यास, सर्वस्वी माझा अर्ज कारणीभूत आहे; मी येथे स्वखुशीने राहत आहे; माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

चिरंजीवांनी लेखणी मागितली. म्हणाले की कुठे करू सही, लवकर सांगा, ट्रकवाला थांबलाय.

हजर साक्षीदार:

१) चिरंजीव. सही केली, मजकूर वाचला नाही. न वाचता सही करू नये, हे त्यांना लहानपणीच शिकवले होते.

२) सूनबाई. मजकूर वाचला, सही केली नाही.

३) ट्रकचालक. पूर्ण वेळ दारात हजर. मी बाकावर बसलेला पाहून त्याने विचारले की आजोबांनाही चढवायचंय का.