पाहुण्याचं वजन घटतंय

प्रिय लंबू,

तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर दिलं नाही, माफ कर. चष्मा सापडत नव्हता (डोक्यावर नव्हता, तिथे आधी पाहिलं). तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत बरी असावी. 'असावी' म्हणतो, कारण ते हल्ली माझ्याआधी लेकीच्या कॉम्प्युटरला कळतं.

मागच्या खेपेला आली तेव्हा तिने घरभर सेन्सर बसवले. दाराला एक, नळाला एक, दोन्ही खुर्च्यांखाली एकेक. पण नुसते आकडे मुके असतात म्हणे, त्यांना अर्थ द्यावा लागतो. त्याला ती ऑन्टॉलॉजी म्हणते (दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा लाज वाटली). मला कळलं ते असं, की आपण गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायचो तसंच, फक्त इथल्या चिठ्ठ्या एकमेकींना ओळखतात. खुर्चीवर वजन पडलं म्हणजे माणूस बसला. माझ्या खुर्चीत मी. हिच्या खुर्चीत (ही गेली तेव्हापासून रिकामीच) कोणी बसलं तर तो पाहुणा. आणि पाहुणा असला, की बाबा एकटे नाहीत.

बटाटा म्हणजे माणूस नव्हे, एवढं मात्र त्या कॉम्प्युटरला कोणी शिकवलं नाही. मी चाळीस किलोंचं पोतं ओल लागू नये म्हणून हिच्या खुर्चीवर ठेवलं आणि संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, कोण आलंय? सकाळपासून बसलेत!" आवाजात इतका आनंद, की माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. राहायला आलाय म्हणालो. "चाळीसच किलो?" म्हटलं, तो पहिल्यापासून काटकुळाच.

तेव्हापासून तू माझ्याकडे आहेस. बोलत नाहीस, पण ती तुझी जुनीच खोड. बाबांना सोबत झाली म्हणून लेकीचा रोजचा फोन आठवड्यावर गेला. मी रोज तुझ्यातलेच दोन-तीन उकडून खातो, त्यामुळे तुझं वजन उतरतंय. परवा ती घाबरून म्हणाली, "बाबा, काका महिन्यात नऊ किलोंनी उतरलेत आणि तुम्ही गप्प?" आता रविवारी ती तुला डॉक्टरकडे न्यायला येणार आहे.

खरं सांगावं, असं रोज ठरवतो. पण मग 'बाबा एकटे' ही चिठ्ठी पुन्हा लागेल, आणि ती तिकडे कामाच्या टेबलाशी बसून वाचेल.

तुझा,
ढब्बू

ता. क. रविवारच्या आत येऊन खुर्चीत बस. एकतीस किलोंचा होऊन यायची गरज नाही. पाहुणचार मानवला म्हणेन.

आणखी ता. क. वरचं खोडून टाक. रविवारी लेक स्वतःच येतेय, म्हणजे हिच्या खुर्चीत तीच बसेल, तुझी अडचण होईल. बोलणी मी एकटा खाईन. तू सोमवारी ये, ती गेल्यावर. येतोस की नाही एवढं लगेच कळव, नाहीतर मला पुन्हा बटाटे आणावे लागतील.