'पूरा सेट'मधल्या हिरव्या बांगड्या

बुधवार, संध्याकाळ. ब्राह्मणपारा, रायपूर

बाबांना जाऊन तीन दिवस झाले आणि आज मी त्यांच्या बांगड्या परत करायला गेलो. वाचायला विचित्र वाटतं खरं. पण रायपूर राजधानी झाल्यापासून इथे मयताचं सामानही सुटं मिळत नाही, 'पूरा सेट' घ्यावा लागतो. रविवारी मी फक्त बांबू, सुतळी, मडकं आणि कोरं कापड मागितलं होतं. गठ्ठ्यातून डझनभर हिरव्या बांगड्याही निघाल्या. पुरुषाच्या मयताला!

परत घे, नाहीतर बिल दे, असं म्हटल्यावर दुकानदार म्हणाला (इथे मयताला 'माटी' म्हणतात), "भैया, माटी का सामान वापस नहीं होता. और माटी में कोई बिल मांगता है क्या?"

"मैं मांगता हूँ. लिखो, मृतक पुरुष, हरी चूड़ी एक दर्जन, जबरदस्ती."

'जबरदस्ती' सोडून सगळं लिहिलं त्याने. रडणारा माणूस भांडत नाही, यावरच तर यांचं दुकान चालतं. मी काहून नाही भांडायचं?

घरी येऊन ग्राहक मंचासाठी बिल आणि बांगड्या टेबलावर मांडल्या. आई बघत होती. रविवारी आत्याने तिच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या होत्या.

"तक्रारीले बिल पुरते न?" आईने विचारलं.

"पुरते."

"मंग बांगड्या मले दे."

आत्या "वहिनी!" म्हणून ओरडेपर्यंत सहा चढल्याही होत्या.

उद्या तक्रार लिहीन. पुरावा कुठे आहे विचारलं, तर सांगेन. आत्ता तो आतमध्ये चहा गाळता गाळता वाजून राहिला आहे.