क्यू, पी, एल आणि व्याह्यांचा चहा

चि. सौ. शीलास,

डिंगोऱ्याहून तुझ्या दाजींचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझी ताई मंगल जरा जास्तच बरी आहे (तुला पत्र लिहितोय म्हटल्यापासून दोनदा डोकावून गेली). तुझा गुडघा जिना चढू देतो का? साडूंनी साखर सोडली, की प्रसादाच्या नावाखाली पेढे अजून चालूच आहेत? फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो. आज मला तुझे उपकार मानायचे आहेत, ते काही हं हं मध्ये मावायचे नाहीत.

उपकार कसले, तर दिवाळीत तू ती लाकडी अक्षरांची पिशवी इथे विसरून गेलीस, त्याचे. खेळही तूच शिकवलास. पिशवीत हात घालून तीन इंग्रजी अक्षरं काढायची आणि ती तिन्ही ज्यात येतात असा शब्द सांगायचा. तू गेलीस आणि आम्हाला त्याचं वेडच लागलं. मंगलचा सगळा भर कॅट आणि रॅटवर. ती अक्षरं नाही निघाली तर ती हातातली परत पिशवीत टाकते, पुन्हा काढते आणि त्याला सवलत म्हणते. माझं इंग्रजी तर तुला ठाऊक आहे. पण शेतकरी माणूस जन्मभर फवारणीच्या बाटल्या वाचत आलेला असतो. झेड निघाला की मी मॅन्कोझेब म्हणतो, एक्स निघाला की थायामेथोक्झाम (मंगलला वाटतं मी तिला इंग्रजीत शिव्या देतोय). मोबाईललाही विचारून पाहिलं. त्याने असा शब्द दाखवला की अर्थ विचारावा लागला, आणि अर्थ म्हणून आणखी तीन तसलेच दाखवले. मग मी आपला बाटल्यांवरच राहिलो.

आता मुद्द्याचं. आपल्या अक्षदाचे सासरे, लोणीचे दादाभाऊ, लग्नापासून माझ्याशी बोलत नव्हते हे तू जाणतेस. साडूंना कारण अर्धंच माहीत आहे म्हणून पुन्हा लिहितो. मी फेटे हिशेबाने आणले होते. पण आशीर्वाद द्यायला न बोलावलेले पुढारीच इतके आले, की त्यांना बांधता बांधता फेटे संपले आणि वरबापाच्या डोक्यावर टोपी आली. वर त्या माईकवाल्याने ‘व्याह्यांची साधी राहणी’ म्हणून कौतुक केलं, ते तर जखमेवर मीठच झालं. त्या दिवसापासून दादाभाऊंनी आमच्या घरचं पाणी सोडलं. पोरीला न्यायला यायचे, पण गाडी अंगणात लावून आतच बसायचे. तांब्या घेऊन गेलं की गाडीची काच वर. अक्षदा बिचारी दोघांच्या मधे कातावून गेली होती. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं, तर ती मला फोनवर म्हणाली, “आबा, मला डोहाळं कसलंच न्हाईत. तुमी दोघांनी एका सतरंजीवर बसून चहा प्या, एवढंच.”

परवाच्या रविवारी डोहाळजेवण झालं. दादाभाऊंनी विहीणबाईंना आणि अक्षदाला दारात उतरवलं आणि स्वतः गाडीत बसून राहिले. मी तांब्या घेऊन गेलो, काच वर गेली. ओटी भरून झाल्यावर बाया तुझी पिशवी घेऊन ओसरीवर बसल्या. क्यू, पी आणि एल निघाले आणि कुणालाच शब्द सुचेना. मी खांबाला टेकून उभा होतो. लक्ष सगळं गाडीकडे, पण तोंडातून निघून गेलं, क्विनालफॉस. टाळ्या पडल्या. तेवढ्यात गाडीची काच खाली आली.

“पावणं,” दादाभाऊ म्हणाले, “त्यो शब्द न्हाई. औषध हाय.”

लग्नानंतर माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. खरं तर मी हात जोडायला हवे होते, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हटलं, बाटलीवर इंग्रजीत छापलंय, मग शब्द कसा नाही? ते म्हणाले, बाटलीवर फोन नंबरही छापलेला असतो. मी तावातावाने शेडमधून बाटली आणायला गेलो (डोहाळजेवणात कीटकनाशक घेऊन येणारा पहिला बाप मीच असेन). मंगलने मला बाटलीसकट कुंपणापाशीच थोपवलं. त्यामुळे झालं काय, की बाटली वाचायला दादाभाऊंना गाडीतून उतरावं लागलं. चष्मा चढवून त्यांनी ती लांबूनच वाचली. हे गृहस्थ रोज सकाळी मोबाईलवर असलेच खेळ खेळतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, खरा शब्द प्लाक, त्यात शेवटाकडे क्यू येतो. मी विचारलं, प्लाक म्हणजे काय? ते माझ्याकडे बघत म्हणाले, “उद्घाटनाची पाटी. माझा फेटा ज्यांनी नेला, त्यांची नावं आसत्यात तिच्यावर.” मी हसलो नसतो तर फुटलो असतो. मग तेही हसले.

मंगलने आधी माझे हात साबणाने धुवायला लावले. मी सतरंजीवर येऊन बसलो तोवर दादाभाऊ पुढची तीन अक्षरं काढून बसलेही होते. तिने त्यांच्यासमोर कप ठेवला आणि त्यांनी शब्द शोधता शोधता न बघताच उचलला. फुलांची वाडी ल्यालेली अक्षदा दारात तोंडावर हात ठेवून उभी होती. कप रिकामा झाला तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कपाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि मंगलला म्हणाले, “साखर कमी हाय. आजून अर्धा द्या.”

मध्यस्थांना जमलं नाही, ते तुझ्या विसरभोळेपणाने केलं. पोरीला एवढं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. तुझे उपकार मी विसरणार नाही. साडूंना नमस्कार.

तुझा दाजी,
सोमाजी

ता. क. – मुख्य काम लिहायचं राहिलंच. क्यू असलेले चांगले दहा-बारा शब्द लिहून पाठव. अर्थ लिहू नकोस, मला समजून घ्यायचे नाहीत, दादाभाऊंना हरवायचं आहे.

आणखी एक ता. क. – आपल्या पिशवीतला क्यू सापडत नाही. मंगलने सगळं घर झाडून काढलं. आत्ताच अक्षदाचा फोन आला, क्यू तिच्या सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. त्यांचा निरोप असा, की क्यू पाहिजे असेल तर पावण्यांनी लोणीला येऊन न्यावा आणि जेवून जावं. मंगल तुझ्याकडे दुसरा क्यू मागणार आहे. असला तरी नाही म्हण. मी येत्या रविवारी जातोय. फेटा आणून ठेवलाय.