पैसे हातात येईपर्यंत

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांचे सुरुवातीचे दिवस कुणी लिहून ठेवत नाही, मग पुढे पंचाईत होते.
माझी बायको किर्ती, तिने दोन वर्षं घरी बायकांच्या भुवया कोरून ऐंशी हजार जमवले होते. एफडी करा म्हणून माझ्याकडे दिले. मी डिसेंबरात क्रिप्टोत टाकले. तिला एफडीच सांगितलं. एफडी वाढते, हेही वाढलं, म्हणजे खोटं असं काही नाही. काल सगळं विकलं. एक लाख छत्तीस हजार! ॲपमध्ये रुपयांत दिसतायत. आता फक्त बँकेत काढायचे.
पाडव्याला किर्तीचं पार्लर. कुळगावात गाळा बघून ठेवलाय, डिपॉझिट एक लाख. वरचे छत्तीस कष्टाचे, म्हणजे माझे.
ठराव: यश डोक्यात जाऊ द्यायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये चेतनच्या दुकानातून नवा फोन घेतला. उधारीवर. चेतन म्हणाला, कैलासभाई, तुझ्यासारख्या इन्व्हेस्टरकडे जुना फोन शोभत नाही. माणसाला पारख आहे. नव्या फोनवर ॲप टाकलं आणि 'पैसे काढा' दाबलं. मेसेज आला: नवं उपकरण, मोठी रक्कम, सुरक्षा तपासणी होईपर्यंत व्यवहार थांबवला आहे.
अभिमान वाटला. आमच्या बँकेच्या एटीएमला वॉचमनसुद्धा नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.
शिवमंदिरात रांग. रांगेत ॲप बघितलं, 'तपासणी सुरू आहे'. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरताना एकदम सुचलं. पिंडीसमोर हात जोडून म्हटलं, देवा, पैसे हातात येईपर्यंत दाढी करणार नाही.
आधी चहा सोडणार होतो. पण चहाशिवाय डोकं चालत नाही. दाढीने कुणाचं काय बिघडतं?
नवस बोलून दाखवायचा नसतो. किर्तीला नवीन लूक म्हणून सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली. आवडला असावा.

१ मार्च, शनिवार.
ॲपला माझा लाइव्ह सेल्फी हवाय. खातं उघडताना दिलेल्या फोटोशी जुळवून बघणार. तो फोटो डिसेंबरातला. गुळगुळीत दाढी, वर किर्तीची पावडर. देखणा आलोय.
गोलात तोंड धरलं. डोळे मिटले, उघडले, मान डावीकडे, मान उजवीकडे. 'चेहरा जुळत नाही.'
दोष ट्यूबलाइटचा. दिवाळीपासून किर्ती बदला म्हणतेय. लगेच बदलली. ती इतकी खूश झाली की मला थोडं अपराधी वाटलं.

५ मार्च, बुधवार.
नव्या ट्यूबखाली जुळत नाही. गच्चीत जुळत नाही. पांढरी चादर मागे लावून जुळत नाही. चेतनला फोन केला. म्हणाला, टेन्शन मत ले, पैसा सेफ आहे, बस अटकलाय. मग फोनच्या हप्त्याचं विचारलं. मी म्हटलं, तोही सेफ आहे, बस अटकलाय.
ॲपच्या चॅटवर प्रगती नावाची मुलगी भेटली. 'प्रिय कैलासजी, तुमची अडचण आम्ही समजू शकतो.' लग्नाला पंधरा वर्षं झाली, घरात हे वाक्य कधी ऐकलं नाही.

९ मार्च, रविवार.
कुळगावहून सासूबाई आल्या. दारातच कपाळाला हात लावून म्हणाल्या, जावयबापू, कोन गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, फॅशन आहे. त्या म्हणाल्या, मी तर वलखलाच नाय तुमाला, म्हटलं किर्तीच्या घरात कोन परका मानूस बसलाय.
वय झालं त्यांचं. नजर अधू झाली असणार.
कंपनीतही कटकट. सेफ्टी ऑफिसर म्हणतो, दाढीवर केमिकलचा मास्क बसत नाही, दाढी काढा. मी म्हटलं, धार्मिक कारण आहे. त्याने मला वासाच्या खात्यातून उचलून गेटवर आवकजावक लिहायला बसवलं. देव पावायला लागला.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.
सकाळी निवांत होतो म्हणून सेल्फी दिला. मध्येच खालच्या मजल्यावरची पोरं आली. तोंडाला चंदेरी रंग फासला, तो दाढीत गेला, निघेना. तसाच परत दिला. 'प्रयत्न संपले. ४८ तासांनी पुन्हा प्रयत्न करा.'
सणासुदीला तरी यंत्रणेने समजून घ्यायला हवं.

१८ मार्च, मंगळवार.
प्रगतीने मार्ग काढला! म्हणाली, आपला चेहरा बदलला असल्यास नवीन फोटो अपलोड करा, मंजुरीला सात ते दहा दिवस लागतील. चेहरा कुठला बदलायला? पण तिचं मन मोडवेना. भरघोस दाढीतला एक झकास फोटो टाकला. जहागीरदार दिसतोय.
ठराव: प्रगतीच्या साहेबांना पत्र लिहून तिच्या पगारवाढीची शिफारस करायची.

२२ मार्च, शनिवार.
फुटलं.
गाळ्याचा मालक शुक्रवारपर्यंत डिपॉझिट मागतोय. किर्ती म्हणाली, एफडी मोडा. मी म्हटलं, बँकेचा सर्व्हर डाऊन आहे. म्हणाली, महिनाभर? त्याच वेळी मी बाथरूममध्ये गेलो आणि फोन ओट्यावर राहिला. बाहेर आलो तर ती ॲप उघडून बसली होती. माझा पिन म्हणजे माझं जन्मसाल. पहिल्याच फटक्यात लागला म्हणे.
सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या बोटांना दोऱ्याचे वळ पडलेत, त्यांच्याकडेच बघत बसली.
मग फोन हातात घेऊन म्हणाली, अहो, यातल्या फोटोत दाढी नाही. तोंडावर जंगल आहे. जुळणार कसं?
मी म्हटलं, कॉम्प्युटरला हाडं दिसतात. ती म्हणाली, मग दाढी काढून हाडंच दाखवू. तेव्हा नवस सांगावा लागला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. खांदे हलत होते. रडत असावी. मध्येच खुदकन आवाज आला, पण रडताना येतो असा कधीकधी.

२३ मार्च, रविवार.
सासूबाईंना बोलावून घेतलं गेलं. मी स्पष्ट म्हटलं, देवाला दिलेला शब्द आहे, प्राण गेला तरी ब्लेड लावणार नाही. त्यांनी विचारलं, शब्द काय दिलात तो नीट सांगा. मी सांगितला: पैसे हातात येईपर्यंत.
त्यांनी कमरेची पिशवी सोडली, पाचशेची नोट काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली. म्हणाल्या, आले पैसे. कंचे पैसे ते तुमी देवाला बोललाच नाय. किर्ते, आन वस्तरा.
खिडकीपाशी खुर्ची ठेवून किर्तीने दाढी केली. हात इतका हलका की डोळा लागला. पोरीच्या हातात कला आहे, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय.
प्रगतीकडे दिलेल्या फोटोचं सांगायचं राहिलं. बायकांना एकदम सगळं सांगितलं की गोंधळतात.

२५ मार्च, मंगळवार.
शनिवारी परत प्रयत्न संपले होते, ते ४८ तास भरले म्हणून आज पुन्हा सेल्फी उघडला. पावडर लावली. किर्ती शेजारी उभी. डोळे मिटले, उघडले. 'चेहरा जुळत नाही.'
वर सकाळचा मेसेज होता: 'अभिनंदन! आपला नवीन फोटो मंजूर झाला आहे.'
जहागीरदार.
किर्ती म्हणाली, आता हात जोडते, कशालाही हात लावू नका.

२६ मार्च, बुधवार.
हात लावला नाही. फक्त एक विनंती पाठवली, की फोटो परत बिनदाढीचा करा. सोबत आजचा फोटो. बाकी काही नाही.
बाकी म्हणजे उल्हासनगरला गेलो. स्नेहसंमेलनाची भाड्याची कापडं देणारं दुकान. सिंधी शेठने विचारलं, साधू का डाकू? मी म्हटलं, जहागीरदार. त्याने अफजलखानाची दाढी पुढे ठेवली, म्हणाला, साई, यही चलती है. स्पिरिट गम म्हणजे नाटकवाल्यांच्या गोंदाने चिकटवून दुकानाच्याच आरशापुढे सेल्फी दिला. मान उजवीकडे वळवली तेव्हा दाढी डावीकडेच राहिली.
'तोतयेगिरीचा संशय. खाते तीस दिवस गोठवले आहे.'
प्रगतीला सगळं मनापासून लिहिलं. ती म्हणाली, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. चेतन म्हणाला, अबे, ती बाई नाही, मशीन आहे. जळतो.

३० मार्च, रविवार. पाडवा.
पार्लर उघडलं. 'किर्ती ब्युटी पार्लर', कुळगाव. मे महिन्यातल्या नवऱ्या मुलींकडून तिने मेकअपचा ॲडव्हान्स घेतला, अर्धं डिपॉझिट भरलं, बाकीच्याला मालकाच्या बायकोला भिडून मुदत मागितली. माझा नवा फोन चेतनला परत गेला. तोही तिनेच दिला.
गुढी मी उभारली. कुणीतरी विचारलं, एवढं जमवलंस कसं गं? किर्ती म्हणाली, यांची साथ आहे ना. टोमणा नव्हता. खरंच नव्हता, मी नीट बघितलं तिच्याकडे. तोंड लपवावंसं वाटलं, पण लपवायला दाढी नव्हती.
ठराव: आजपासून वाढवायची. या वेळी नवस नाही, प्लॅनिंग.

२७ एप्रिल, रविवार.
दाढी तयार. रंग, लांबी, घेर, सगळं मंजूर फोटोबरहुकूम. खातं परवा सुटलं. आज जुना फोन घेऊन पार्लरच्या आरशापुढे बसलो, गिऱ्हाईक नव्हतं. आत्मविश्वासाने मान फिरवली. 'चेहरा जुळत नाही.'
खाली मेसेज: 'आपल्या २६ मार्चच्या विनंतीनुसार फोटो बदलण्यात आला आहे.'
किर्तीने वाचलं. टॉवेल झटकून माझ्या गळ्याभोवती बांधला. वस्तरा फिरवला, तोंड पुसलं, माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतः समोर धरला. डोळे मिटा. उघडा. इकडे बघा. तिकडे.
जुळला.
दुपारी पैसे बँकेत आले. एक लाख छत्तीस हजार! डोळे भरून आले. एक नवीन कॉइन आलंय, चेतन सांगत होता, म्हणून पुन्हा बँकेचं ॲप उघडलं. शिल्लक पाचशे. किर्ती म्हणाली, एक लाख पस्तीस हजार पाचशे मी माझ्याकडे घेतले, हे पाचशे आईचे, उद्या देऊन या. माझा पिन तर मी गेल्याच महिन्यात बदलला होता. आता लग्नाचं साल आहे.
संध्याकाळी प्रगतीचा निरोप आला. 'प्रिय कैलासजी, तुमचं समाधान झालं का? झालं असल्यास १ दाबा, नसल्यास २ दाबा.'
बराच वेळ विचार केला. शेवटी इतक्या दिवसांची ओळख, तिच्याशी खोटं कशाला बोलायचं, म्हणून २ दाबलं.
'कृपया पडताळणीसाठी लाइव्ह सेल्फी पाठवा.'