फुंकणी तुझ्याकडे ठेव

पिशोर,
ता. ११ फेब्रुवारी १९८३

प्रिय फहमिदा हिला,
प्रमिलाचा स. न. वि. वि.

आज सकाळी बादलीत फिनेल ओतलं, पाणी दुधासारखं झालं आणि छावणीतली आपली शाळा आठवली. प्रार्थनेत हसलो म्हणून सिस्टरनं आपल्याला व्हरांडा पुसायला लावला होता. हे काळं औषध पाण्यात पडून पांढरं कसं होतं, ते बघत तू बादलीवर वाकून बसलीस आणि अख्खा व्हरांडा मी पुसला. पुढं तू विज्ञानाची बाई झालीस आणि मी अजून पुसतेच आहे.

आता कामाचं लिहिते. माझ्या थोरल्या जाऊबाई आवडाबाई, त्यांचा खोकला फार वाढलाय. डॉक्टरांनी चुलीचा धूर बंद करायला सांगितलं. पण चूल दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नाहीत. सिलिंडरचा नंबर कधी लागेल कोण जाणे. त्यांचा मुलगा तात्यासाहेब औरंगाबादेत असतो. अक्षय्य तृतीयेला येऊन आईला कायमची घेऊन जाणार, असं सांगून गेलाय. जाऊबाईंना शहर नको. तिथं तिसऱ्या मजल्यावर बसून कावळे हाकू का, असं मला विचारतात. त्या गेल्या तर हे घर मलाही खायला उठेल.

म्हणून परसात गोबर गॅस बांधला. विहिरीसारखा खड्डा आणि त्यावर पालथी लोखंडी टाकी. गॅस धरला की टाकी आपोआप वर येते म्हणे. दिवाळीपासून शेण आणि पाणी कालवून ओततोय, टाकी बोटभरही हललेली नाही. शेजारच्या रामकिसनची टाकी त्याच मिस्त्रीनं बांधलेली, ती मात्र वर आली. त्याच्यापेक्षा आमचा गोठा किती स्वच्छ. मी रोज फिनेलनं धुऊन घेते आणि ते पाणीसुद्धा वाया न घालवता खड्ड्यातच सोडते. तुझं विज्ञान काय म्हणतं ते कळव.

घरच्या सगळ्यांना आमची आठवण दे, आणि लोभ होता तसाच उबेला ठेव.

तुझी
प्रमिला


पडेगाव, औरंगाबाद,
ता. १९ फेब्रुवारी १९८३

प्रिय प्रमिलास,
आदाब आणि स. न. वि. वि., दोन्ही घे.

तुझं पत्र वाचून आधी वाटलं, थंडीमुळं होत नसेल. आमच्या कय्युमला विचारलं. तू ओळखतेस माझ्या भावाला, प्रत्येक दुखण्यावर त्याचं एकच निदान: नळी गळतेय. तेच लिहून पाकीट चिकटवलं, आणि मग तो व्हरांडा आठवला. पाकीट फोडलं.

खुदाच्या वास्ते, फिनेल थांबव! शेणाचा गॅस आपोआप होत नाही. शेणातले डोळ्यांना न दिसणारे जीव तो करतात, दुधाचं दही करणाऱ्या जीवांसारखेच. सिस्टरनं जंतू मारायला शिकवलं, तू रोज इमानानं मारतेस आणि मग ते कामाला का लागत नाहीत म्हणून वाट बघतेस. आता खड्डा उपसून घे, ताजं शेण भर आणि रामकिसनच्या खड्ड्यातली मळी विरजण म्हणून घाल. मग सब्र. दही लागलं का म्हणून आपण भांडं हलवत नाही, तसंच.

आवडाबाईंना माझा सलाम. कावळे आमच्याकडेही भरपूर आहेत, पण त्यांनी पिशोरचेच हाकावेत.

तुझी
फहमिदा


पिशोर,
ता. ३० मार्च १९८३

प्रिय फहमिदास,
स. न. वि. वि.

खड्डा उपसला. फिनेलच्या बाटल्या माळ्यावर टाकल्या. गोठा नुसत्या पाण्यानं धुणं माझ्या जिवावर येतं, पण धुते. रामकिसनकडं मळी मागायला गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याची आई म्हणाली, विरजण म्हणून नेतेस ना, मग दिवा लागल्यावर देत नसतात, सकाळी ये. शेणालाही तोच नियम! सकाळी गेले तर तिनं बादलीला हळद-कुंकू लावून दिली.

परवा टाकी चांगली हातभर वर आली. जाऊबाई काठी टेकत परसात गेल्या आणि टाकीवरून हात फिरवून आल्या, गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा. पण शेगडीला काडी लावली तर नुसतीच विझली. दोनदा, तीनदा. जाऊबाई चुलीपाशी गेल्या आणि फुंकणी उचलली. रात्रभर खोकत होत्या. आज त्यांनी ट्रंक उघडून लुगडी वेगळी काढायला घेतली आहेत.

लवकर लिही.

प्रमिला


(कार्ड) पडेगाव,
ता. ४ एप्रिल १९८३

प्रमिला, स. न. वि. वि. पहिला गॅस जळत नसतो. त्यात हवा असते. जवळ दिवा-काडी न ठेवता तो सगळा सोडून दे आणि टाकी पुन्हा वर येऊ दे. लुगडी ट्रंकेत परत ठेवायला सांग. फहमिदा


पिशोर,
ता. १६ मे १९८३

प्रिय फहमिदास,
प्रमिलाचा स. न. वि. वि. आणि या खेपेला आवडाबाईंचाही.

पेटली. निळी ज्योत, जवळजवळ न दिसणारी. धूर नाही, वास नाही. जाऊबाई कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग चहाचं आधण ठेवलं, ज्योत बारीक वाटली म्हणून सवयीनं फुंकणी घेतली आणि अशी फुंकर मारली की शेगडी विझली. मी धावत जाऊन खटका बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी फुंकणी मी फडताळात लपवली, तर फुंकणी कुणी चोरली म्हणून घरभर चौकशी.

तात्यासाहेब ठरल्याप्रमाणं काल न्यायला आला. जाऊबाईंनी त्याला शेगडीसमोर पाटावर बसवून पुरणपोळ्या वाढल्या. तो आईच्या खोकल्याची वाट बघत जेवला. पोट भरलं, खोकला काही आला नाही. हात धुताना म्हणाला, पावसाळ्यात बघू. जाऊबाईंनी ट्रंक पलंगाखाली सरकवली.

तो आज एकटाच परत निघालाय, त्याच्यासोबत पिशवी देते. डब्याचा वरचा कप्पा तुझा, पुरणपोळ्या. खालच्यात कटाची आमटी आहे, ती कय्युमची. नळी गळत नव्हती, हे त्याला वाढताना सांग. फिनेलच्या बाटल्या आपल्या शाळेत पोचव, व्हरांडा अजून तिथंच असेल. कापडात गुंडाळलेली फुंकणी कुणालाच देऊ नको, तुझ्याकडे ठेव. जाऊबाईंनी स्वतः बांधून दिली आहे. म्हणाल्या, "घरात ऱ्हायली तर माझा हात तिच्याकडंच जातुय. तिकडंच असू दे म्हणावं, मी काय मागायला यायची नाय."

आहेस तशीच माया करत राहा.

तुझी
प्रमिला