आईच्या त्रेचाळीस फायली

३ फेब्रुवारी, मंगळवार
दिंडोरी नाक्यावर सुरगाण्याच्या जीपवाल्याकडून पेन ड्राइव्ह घेतला. सरितानं पाठवलाय. आईची त्रेचाळीस रेकॉर्डिंग, सहा वर्षांतली. तिच्या नव्या मोबाइलवर ती चालत नाहीत. पंधरा तारखेला आईला जाऊन वर्ष होतंय. तेव्हा शेवटचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवायचंय तिला. फायलींची नावं म्हणजे नुसते आकडे. कुठली कधीची, ते तारखेवरूनच कळणार. फोनवर म्हणाली, "एकेक ऐकून शोधवत नाय रे दादा."
बरोबर आहे. असल्या कामाला डोकं थंड लागतं. चिंता करू नको म्हणालो. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब चौदा वर्षं मीच सांभाळतोय.

५ फेब्रुवारी
सगळ्या फायली नव्या फॉरमॅटमध्ये केल्या. सगळ्यांना आजची तारीख लागली. हे अपेक्षित होतं. (नव्हतं.)
उपाय आहे. टच नावाची कमांड एका फाइलची तारीख दुसरीला देते. क्रिएशनची तारीख बदलत नाही (ती तशीही पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या दिवसाची), मॉडिफाइडची बदलते. आपल्याला तेवढी पुरे. स्क्रिप्ट लिहायची, की जुन्यांच्या तारखा नव्यांवर.
मीनानं विचारलं, एखादं ऐकलंत का? बायकोला कसं समजवायचं, तारीख बघायला फाइल ऐकावी लागत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी १
स्क्रिप्ट पूर्ण. नऊ ओळी. एका सेकंदात रन झाली, एकही एरर नाही. स्वतःवर खूश.

दुपारी १.२०
कमांडमध्ये दोन नावं उलटी पडली. नव्यांची तारीख जुन्यांना गेली. आता शहाऐंशीच्या शहाऐंशी फायली पाच फेब्रुवारीच्या. अशा उलट क्रमाची कमांड बनवणाऱ्याला काय म्हणावं?
बॅकअप नाही. लॅबच्या दारावर 'बॅकअप घ्या' ही पाटी मीच लावलीय, पण ती विद्यार्थ्यांसाठी. सरितानं जुना मोबाइल एक्सचेंजमध्ये देऊन टाकलाय. किती निष्काळजी!

१० फेब्रुवारी
सरिताला सांगून तिला त्रास कशाला? तारखा अंदाजानं लावल्या. यात फसवणूक नाही, हे रिस्टोरेशन आहे. आजारी माणूस कमी बोलतं, म्हणून सर्वांत छोटी फाइल शेवटची. सर्वांत मोठी २०२३च्या दिवाळीची, कारण त्या दिवाळीला मी घरी गेलो होतो. गप्पा झाल्याच असणार.
मीना म्हणाली, त्या दिवाळीला तुम्ही गेला नव्हता. तिची स्मरणशक्ती कच्ची आहे.

१३ फेब्रुवारी
पेन ड्राइव्ह परत पाठवला. सरिता फोनवर रडली. म्हणाली, "दादा, तू लय मोठं काम केलंस." मी म्हणालो, कर्तव्य आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार, सुरगाणा
जेवणाआधी अंगणात सगळे बसले. सरितानं शेवटची फाइल लावली. आईचा आवाज खणखणीत. हसत होती. "सरिते, ह्यात बोलायचं का? चालू हाय का हे?" अकरा सेकंद. संपलं.
ते सर्वांत पहिलं रेकॉर्डिंग होतं. कुसाबाई मावशीनं डोळ्याला पदर लावला.
सरितानं घाईघाईनं दुसरी लावली, दिवाळीची. आई बराच वेळ शेजारणीशी नागलीच्या पिकाबद्दल बोलत होती. मग माझ्याबद्दल म्हणाली, "किशोर येतो म्हणला व्हता. औंदाही नाय आला. त्याला काम आसंल."
तारीख खोटी आहे म्हणावं, तर ती मीच लावलेली. खरी म्हणावं, तर दिवाळीला मी नव्हतो. मी म्हणालो, टेक्निकल प्रॉब्लेम आहे.
सरितानं सर्वांसमोर काही विचारलं नाही. जीपपर्यंत सोडायला आली, तेव्हा विचारलं, तारखा तू मनानं लावल्यास ना? मी कमांडचा क्रम समजावू लागलो. ती मागे वळली.

२० फेब्रुवारी
मीनाकडून कळलं, सरिता रोज दोन रेकॉर्डिंग ऐकते. मागं कोंबडा आरवतो का, पाऊस आहे का, आईला खोकला किती, यावरून वर्ष ठरवते आणि वहीत लिहिते. ऐकून झालं की जेवत नाही म्हणे.
फोन केला. म्हणालो, अर्धी मला दे, मी ऐकतो.
ती म्हणाली, "नको दादा. तुला त्यातलं काय ओळखू येणार?"