अकराव्या गाण्याचा ठेका

४ मार्च

प्रिय ढोल्या,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की... एवढं लिहून मी दोनदा उठलो, खोलीत चकरा मारल्या, खिडकी उघडली, लावली आणि परत येऊन बसलो. कारण सांगतो, पण आधी खुशाली.

छोटी कशी आहे हे तुला विचारण्यात अर्थ नाही, दर रविवारी तिचा फोन असतोच. तुझी चौकशी केली की एकच उत्तर, "हे बरे आहेत. दुकानात आहेत." एकोणीस वर्षं तू दुकानातच आहेस! आतापर्यंत केलेली दारं मोजायला बसलास तर एका गावाला पुरतील. फोनवर तू येत नाहीस, म्हणून हा कागद. कागदाला "नाहीत म्हणून सांग" असं म्हणता येत नाही.

तर बातमी अशी, की बारा वर्षांनी मी नवा अल्बम करतोय. अकरा गाणी. कंपनीच्या माणसाला नाव हवंय 'पुन्हा मी'. मी म्हटलं, अरे, मी गेलो कुठे होतो? तो हसला नाही. त्याला वाटलं मी खरंच विचारतोय.

स्टुडिओ लहान आहे. दार इतकं जड, की उघडायला खांदा लावावा लागतो. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी बसते. पोरगी म्हणावं तर तिशी ओलांडलेली. तिचे कान एवढे तिखट, की सगळे तिला वटवाघूळ म्हणतात आणि तिलाही ते आवडतं. परवा गाता गाता मी नुसता पाय बदलला तर म्हणाली, "सर, बूट काढा, कुरकुरतोय." आवाजाचं म्हणशील तर वरची पट्टी आता हाकेला येत नाही, मिनतवाऱ्या कराव्या लागतात. सासष्टावं चालू आहे, चालायचंच.

पण ढोल्या, चैन नाही रे. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालंय. गायला उभा राहिलो की बसावंसं वाटतं, बसलो की बाहेर जावंसं. शब्द बदलतो, परत पहिलेच घालतो. ड्रम्सवर एक भाड्याचा माणूस आहे. तालाला पक्का, पण घड्याळ वाजवल्यासारखा वाजवतो. त्याच्या झांजा तर ऐकूच येत नाहीत! मी म्हणतो वाढव, वटवाघूळ म्हणते वाढवल्या. अजून वाढव म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहते. तीन हेडफोन बदलून झाले. हल्लीची यंत्रंच पुचाट.

आता कारण. अकरावं गाणं सावकाश सुरू होतं आणि मग उधळतं. ते उधळणं तुझ्या हातचं आहे. एक दिवसाचं काम. येशील? मेहुणा तू नंतर झालास, ढोल्या आपण सतरा वर्षांचे असल्यापासून आहेस. जुनं मनात धरू नकोस. तेव्हा झालं ते झालं, कुणाचाच दोष नव्हता.

छोटीला आशीर्वाद.

तुझा,
हिरो


११ एप्रिल

प्रिय ढोल्या,

तुझं उत्तर छोटीकडून कळलं. "त्याला सांग, माझा हात गेलाय. लाकूड मापायला पट्टी मिळते, ठेका मापायला मिळत नाही." तिनं हे जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, "दादा, तुला एक सांगू? जेवायला बसल्यावर कधीकधी यांची बोटं टेबलावर वाजायला लागतात. लक्षात आलं की हे स्वतःच हात मांडीखाली घेतात. चोरी पकडल्यासारखे."

फोन ठेवला आणि चपला न घालताच जिना उतरून रस्त्यावर आलो. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं विचारलं, "काही हरवलं का?" मी म्हटलं, किल्ली. तो बिचारा माझ्याबरोबर किल्ली शोधायला लागला.

लिहायचं आहे ते लिहीत नाहीये. आधी स्टुडिओतलं सांगतो.

भाड्याचा ड्रमवाला गेला. मी त्याला झांजांवरून इतकं बोललो, की त्यानं काठ्या पिशवीत घातल्या आणि म्हणाला, "तुम्हाला माणूस नकोय, भांडण हवंय." दुसऱ्या दिवशी वटवाघळानं मला काचेपलीकडे स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. एक सूर लावला. "ऐकू येतोय, सर?" येत होता. दुसरा लावला. तोही आला. तिसऱ्याला तिनं बटण दाबलं आणि माझ्याकडे बघत राहिली. खोलीत सामसूम. मी म्हटलं, "हो, छान, स्वच्छ आहे."

तिनं बटण सोडलं. बाकीच्यांना चहाला पाठवलं, दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. "सर, आत्ता जे वाजलं त्यानं माझे दात शिवशिवले. तुम्हाला ते ऐकू आलं नाही. झांजा आधीच इतक्या वाढवल्यात, की हे असंच बाहेर गेलं तर लोक कानावर हात ठेवतील. तुम्ही कान दाखवून या." पाच मिनिटं लागली असतील. आवाज चढवला नाही, नजर चुकवली नाही, पुढे कुणाकडे चकार शब्द काढला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी मला कपाटाएवढ्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. आवाज यायचे बंद झाले, पण ते किती वेळानं येतात हे मला कळलं होतं, म्हणून मी अंदाजानं दाबत राहिलो. डॉक्टर दार उघडून म्हणाले, "तुम्ही ठेका धरलाय, आजोबा. मी केव्हाच मशीन बंद केलंय." वरचे सूर दोन्ही कानांतून गेलेत. परत येणार नाहीत. यंत्र लावलं तर बोलणं नीट ऐकू येईल, एवढंच.

माझं कुठं दुखतंय ते तुला सांगायला हे लिहीत नाहीये. वटवाघूळ समोर बसली होती तेव्हा मला ती दिसतच नव्हती. आपला जुना स्टुडिओ दिसत होता. आता लिहितो. मध्ये उठणार नाही.

कंपनीला तेव्हा तू नको होतास. त्यांना तरुण पोरगा हवा होता, दिसायला बरा. त्यांनी मला सांगितलं, तुमचा मेहुणा आहे, तुम्हीच बोला. मी महिनाभर बोललो नाही. तुझ्या घरी जेवून यायचो आणि बोलायचो नाही. मग त्या दिवशी सगळं गाणं तयार होतं, फक्त तुझे ड्रम्स बाकी होते. ताल धरायला तुझ्या हेडफोनमध्ये जी टिकटिक येत होती, ती मी मंद करायला लावली होती. अगदी थोडी, कळणार नाही इतकी. गाणंही तुझ्या कानात अगदी दबकं ठेवायला लावलं होतं. तू टिकटिकीला धरून वाजवत होतास, बरोबर वाजवत होतास, आणि बाहेर आम्हाला तू दर वेळी मागे पडताना ऐकू येत होतास. तू सहा वेळा वाजवलंस. मग बाहेर आलास, हाताकडे बघितलंस आणि म्हणालास, "हिरो, माझा हात गेला बहुतेक."

आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "होतं रे असं. वय कुणाला चुकलंय?"

ढोल्या, तुझा हात गेला नव्हता. त्या दिवशी नव्हता, कधीच नव्हता. गेल्या पत्रात कुणाचाच दोष नव्हता असं लिहिलं, ते खोटं होतं.

छोटीला यातलं काही माहीत नाही. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव.

हिरो


२९ मे

प्रिय ढोल्या,

नमस्कार. सात रविवार झाले, छोटीचा फोन नाही. म्हणजे तू तिला सांगितलंस. बरोबर केलंस.

गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवाराबद्दल लिहितो. तू तिथं होतास, पण मला जे दिसलं ते तुला माहीत नसेल. अकराच्या सुमाराला दार उघडलं. खांदा न लावता, एका हातानं! दारं करणाऱ्याचे हात. आधी मला वाटलं कुणी दुरुस्तीवाला आलाय. मग ओळख पटली आणि मी उठलो, तो पाय वायरीत अडकला. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. सरळ वटवाघळाला म्हणालास, "अकरावं गाणं कुठलं? ते लावा." पिशवीतून काठ्या काढल्यास. घरी कातलेल्या, नव्या कोऱ्या.

बसल्यावर हेडफोन हातात घेतलास आणि कानाला लावण्याआधी तिला विचारलंस, "माझ्याकडे टिकटिक येईल, तीच बाहेर जाईल ना? एकच ना?"

तिला काही ठाऊक नव्हतं. ती हसून म्हणाली, "एकच, काका. दुसरी कशाला असेल?" तरी तू हेडफोन पुढे केलास. तिनं आत येऊन स्वतःच्या कानाला लावून बघितला, मान हलवली आणि तुला परत दिला. मी काचेमागे उभा होतो. त्या वेळी जमीन दुभंगली असती तरी आत जायला मी आधी तुझीच परवानगी मागितली असती.

पहिल्या वेळी तू जरा बिचकलास. दुसऱ्या वेळी गाणं जिथं उधळतं तिथं तुझे डोळे मिटले. झांजा मला ऐकू आल्या नाहीत, पण तू जमिनीतून माझ्या पायांत आलास. वटवाघळानं समोरच्या पडद्यावर बोट ठेवून मला दाखवलं: टिकटिकीची रेघ आणि तुझा ठोका, एकावर एक. ती पुटपुटली, "हे कोण आहेत?" मी म्हटलं, "ड्रमर."

मग तू बाहेर आलास आणि एवढंच बोललास. सगळं लिहून ठेवतो, कारण माझ्या कानांवर माझा भरवसा नाही.

"ऐकू येतंय का तुला?"

"थोडं कमी."

"मग नीट ऐक. माफी मागायला घरी येऊ नकोस. गाणं ठेवायचं तर ठेव. आभार, आठवणी, असलं काही छापायचं नाही. ड्रम्स, आणि पुढे माझं पूर्ण नाव. ढोल्या नाही."

मी म्हटलं, "चहा तरी..."

"दुकानात माणूस थांबलाय."

गाणं दुसऱ्या वेळचंच ठेवलंय. नाव तू म्हणालास तसंच छापलंय, नीट तपासून घेतलंय. सगळ्या गाण्यांतले आवाज वरखाली करून जुळवायचं काम वटवाघळानं केलं, मी बाहेरच्या बाकावर बसलो. कंपनीला कानांचं सांगून टाकलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्या दिवशी आपल्याबरोबर जे दोघं स्टुडिओत होते, त्यांनाही फोन करून खरं काय ते सांगितलं. एकानं फोन आपटला. दुसरा म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं." मग इतकी वर्षं गप्प का बसलास, हे विचारायचं तोंड मला नव्हतं.

सोबत अल्बम पाठवतोय. ऐकलाच पाहिजेस असं नाही.

आता छोटीला लिहायचं आहे. चार दिवस झाले, 'प्रिय छोटी'च्या पुढे गाडी सरकत नाही. तुला लिहिणं त्या मानानं सोपं होतं, तुझं काय घेतलं ते मला माहीत होतं. तिचं काय काय गेलं ते मला धड माहीतही नाही, ते तिलाच विचारावं लागेल. आणि ती सांगेल तेव्हा मला ते नीट ऐकू आलं पाहिजे, म्हणून उद्या सकाळी कानाचं यंत्र आणायला चाललोय.

तिच्या नावाचं पाकीट आलं तर उघडू नकोस. तिनं न वाचता फाडलं तर फाडू दे.

छोटीचा दादा,
ती अजून म्हणत असेल तर